चांगल्या बातमीवरचा संशय

सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या तपासणीची खोली सहसा दर्शनी भागात नसते. व्हरांड्याच्या टोकाला कुठेतरी असते. दारावर पाटी असते, ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’. बोलण्यात सगळे आयसीटीसी म्हणतात. सकाळी केसपेपर काढून तिथे येणाऱ्यांत गरोदर बाया पुष्कळ असतात, कारण त्यांची ही तपासणी नेहमीचीच. त्या सरळ आत जातात. अधूनमधून एखादा तरुण येतो. तो आधी दोन्हीकडे पाहतो.

हा तरुण पुष्कळदा त्या गावचा नसतो. खामगावचा अकोल्याला जातो, मलकापूरचा रेल्वेने जळगावला, देऊळगाव राजाचा जालन्याला. ओळखीचं कोणी भेटू नये, एवढाच हिशेब. कधीतरी, कोणाशी तरी संबंध आला. कंडोम नव्हता, किंवा होता, पण फाटला की काय ही शंका. तेवढ्यावर झोप उडाली. तपासणी केली, निगेटिव्ह आली. त्या रात्री तो गाढ झोपला. काही दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच. नमुना बदलला असेल तर? किट जुनं असेल तर? दुसरं शहर, दुसरी लॅब. तोच निकाल, तेवढीच झोप.

त्याला वेडगळ म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला ते जमत नाही. संशय ही काही वाईट वस्तू नव्हे. प्रयोगशाळा तर संशयावरच चालते. फक्त तिचा संशय कुठे बसतो, ते पाहण्यासारखं आहे.

आपल्या देशात ठरलेली पद्धत अशी. आयसीटीसीत पहिल्या किटवर काही दिसलं नाही, की निकाल निगेटिव्ह. काम तिथेच संपतं. पहिल्या किटवर काही दिसलं, तर मात्र तेवढ्यावरून कोणालाही बाधित म्हणत नाहीत. तेच रक्त दुसऱ्या बनावटीच्या किटवर तपासतात. मग तिसऱ्या. तिन्ही एकच सांगतील, तेव्हा पॉझिटिव्ह. पहिली चाळणी मुद्दाम बारीक छिद्रांची निवडलेली असते. जे अडकायला हवं, ते निसटू नये म्हणून. अशा चाळणीत कधी कधी नको तेही अडकतं. त्यामुळे अडकलेलं पुन्हा निवडून पाहावं लागतं. खाली पडलेलं कोणी निवडत बसत नाही.

म्हणजे वाईट बातमीला तीन साक्षीदार लागतात, चांगल्या बातमीला एक पुरतो. घाबरलेल्या मनाचा कायदा नेमका उलटा. वाईट बातमी त्याला साक्षीदाराशिवाय पटते. चांगल्या बातमीला शंभर साक्षीदार आणा, तो एकशे एकावा मागतो.

भारतातला पहिला एचआयव्हीचा निकाल आठवतो. १९८६ साल. मद्रासच्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले होते. तपासणीची सोय मद्रासला नव्हती, म्हणून निर्मला ते नमुने घेऊन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. सहा नमुन्यांत खूण दिसली. हा रोग भारतात येणारच नाही, असं मानणारे तेव्हा बरेच होते. त्यांचं खोटं ठरवायला ही उत्तम संधी होती. पण त्या डॉक्टरांनी लगेच डंका पिटला नाही. त्या सहा जणींचं रक्त पुन्हा घेतलं, पुन्हा तपासलं, पक्कं करायला अमेरिकेला पाठवलं. मग जाहीर झालं. संशय घ्यायचा तो असा. तो घ्यायला जागा असते आणि सोडायलाही.

वेळेची अट मात्र खरी आहे. ती या तरुणाने पाळायलाच हवी. संबंध आल्याच्या दुसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह काहीच सांगत नाही. शरीराने विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली, की ती चाचणीत दिसतात. त्याला काही आठवडे लागतात. साध्या अँटिबॉडी चाचणीसाठी तीन महिने धरतात. प्रयोगशाळेत शिरेतल्या रक्तावर होणाऱ्या नव्या पिढीच्या चाचणीला साधारण ४५ दिवस पुरतात. त्याच्याही आधी, पहिल्या ७२ तासांत डॉक्टरांना गाठलं आणि त्यांना गरज वाटली, तर २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं देता येतात. भीतीचा काही उपयोग असेल तर तो त्या तीन दिवसांत. तेव्हा ती माणसाला दवाखान्यापर्यंत चालवत नेते. पुढे मात्र ती नुसतीच चालवते.

आकडेही मदतीला येत नाहीत. विषाणू असलेल्या आणि औषध न घेणाऱ्या स्त्रीशी एका वेळच्या संबंधातून पुरुषाला लागण होण्याची शक्यता सरासरीने दहा हजारांत चार मानतात. अंगावर दुसऱ्या गुप्तरोगाच्या जखमा असल्या तर ती वाढते. आणि ती नाही म्हणण्याइतकी कमी नाही, म्हणून कंडोम हवाच. पण हा आकडा त्या तरुणाला सांगून पाहा. त्याला चार ऐकू येतात. उरलेले नऊ हजार नऊशे शहाण्णव त्याच्या कानाशी थांबतच नाहीत.

मग तो शरीर वाचू लागतो. आरशात जीभ पाहतो. मानेवर गाठ लागते का, ते दिवसातून कितीदा चाचपतो. चाचपून चाचपून मान दुखते आणि दुखते म्हणून गाठ असणार असं ठरतं. जेवण जात नाही, वजन उतरतं. तोंड कोरडं पडतं, पोट बिघडतं, रात्री घाम येतो. हे सगळं भीती करते, आणि हे सगळं एड्सच्या यादीतही आहे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. इथे तर मन चिंतून थांबत नाही, पुरावेही तयार करतं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याने भीतीची दुसरी तऱ्हाही पाहिली आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या लोकांचे केस हातात येऊ लागले. पाण्याचे नमुने गेले, रक्ताचे गेले, केसांचेही गेले. आयसीएमआरचं पथक आलं. कोणी पाण्याकडे बोट दाखवलं, कोणी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे. तिथे अंग बोलत होतं आणि अहवालाची वाट पाहावी लागत होती. त्या लोकांचं विचारणं रास्त होतं, कारण उत्तर यायचं होतं. आपल्या तरुणापाशी उत्तर आलेलं आहे. ते घडी घालून पाकिटात आहे, फोनमध्ये त्याचा फोटोही आहे.

लोक म्हणतात, ही अपराधाची टोचणी. मलाही काही अंशी तसं वाटतं. केलं त्याची शिक्षा व्हायलाच हवी, असं ज्याने आत ठरवून टाकलं आहे, त्याला सुटका झाली तर न्यायाधीशच चुकला असं वाटणार. पण विषाणूला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं कोणी? तो चारित्र्य पाहत नाही. पाहत असता, तर जन्मभर उंबरा न ओलांडलेल्या कितीतरी बायकांना नवऱ्याकडून लागण झालीच नसती. व्हरांड्यातल्या त्या रांगेत गरोदर बाया असतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

सगळीच भीती टोचणीतून येत नाही. ज्यांना केल्याचा काडीचा पश्चात्ताप नाही, तेही गाठी चाचपताना दिसतात. आणि एक गोष्ट या सगळ्या धास्तीत सहसा येत नाही. त्या संबंधात दुसरं कोणी होतं. तिच्यापासून मला काय लागलं असेल, हे तो हजारदा विचारतो. माझ्यापासून तिला काय लागलं असेल, हे एकदाही नाही. तीही कुठेतरी जीभ पाहत असेल.

ही भीती जुन्या काळात मुरलेली आहे. नव्वदच्या दशकात औषध हाताशी नव्हतं, तेव्हा मरणाची भीती दाखवूनच सावध केलं जायचं. मलकापूर, नांदुरा, खामगाव या महामार्गावरच्या गावांनी तो काळ पाहिला. १ एप्रिल २००४ पासून सरकारने औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. आज ती नियमित घेणारा माणूस नोकरी करतो, लग्न करतो, नातवंडं पाहतो. रक्तातला विषाणू मोजणीत येणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, की लैंगिक संबंधातून त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. रोग बदलला, औषध बदललं. भीती तेवढी तीच राहिली.

चौथ्यांदा आलेल्या माणसाला जाणता समुपदेशक रागावत नाही. ‘पुन्हा कशाला आलात?’ असंही म्हणत नाही. रक्त काढायच्या आधी तो एवढंच विचारतो, “भाऊ, हाही रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर किती दिवस मानाल?” काहीजण हसतात. काहीजण खरं सांगतात, “आठ दिवस.” ज्याला आठ दिवस म्हणता आलं, त्याने आपला आजार अर्धा ओळखलेला असतो.

मग त्याला सांगतात, रक्ताचं काम झालं, आता मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे जाऊन या. इथे तो थबकतो. चार शहरं फिरलेला माणूस, चार लॅबमध्ये हात पुढे केलेला. या दाराशी त्याचा पाय अडतो. आतून कोणी ओळखीचं निघालं तर?

मला याचं नवल वाटतं, कारण मनाच्या दुखण्याची लाज बाळगण्याचं आपल्या जिल्ह्याला काही कारण नाही. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मन हरवलेली माणसं घेऊन हिंदू येतात, मुसलमान येतात, परराज्यातून येतात. होळीला अंगावरून उतरवलेले नारळ पेटत्या होळीत पडतात. ती उघड्यावरची गर्दी असते. बाधा म्हटली की सगळं कुटुंब गाडी करून निघतं. चिंतारोग म्हटला, तर रांगेत एकट्याने उभं राहायचं जिवावर येतं. नारळाने तो संशय जाईल असं मी म्हणणार नाही. पण टाकलेला नारळ परत काढून, नीट जळला का, हे कोणी पाहत नाही, एवढं खरं.

मानसोपचारात त्या तरुणाला जे करायला सांगतात, ते ऐकायला फार किरकोळ वाटतं. पाचवी तपासणी करायची नाही. घरच्यांना, मित्रांना, डॉक्टरांना ‘मला काही झालं नसेल ना?’ असं विचारायचं नाही, कारण त्या उत्तराने मिळणारा दिलासा म्हणजे पुढच्या संशयाची पेरणी. गरज पडली तर गोळ्या देतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. आणि मानेकडे हात गेला, की तो थोडा वेळ थांबवायचा. कायमचा थांबवायला कोणी सांगत नाही, ते जमणारही नाही. आधी दहा मिनिटं. मग अर्धा तास. मग चहा होईपर्यंत.