भूतकाळाचे वजन आणि कृत्याचा न्याय

माणूस पूर्वी कसा वागला यावरून त्याने आज काय केले हे ठरवावे काय, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न न्यू यॉर्क राज्यात अमली पदार्थांच्या विक्रीबद्दल दोषी ठरलेल्यांच्या अपिलांत वारंवार उभा राहतो. अशा खटल्यात ग्राहक म्हणून गेलेला साध्या वेशातील पोलीस नोंदलेल्या क्रमांकांच्या नोटा देऊन माल घेतल्याची साक्ष देतो. परंतु पोलीस नेमक्या त्याच माणसावर पाळत का ठेवून होते हे ज्यूरीला उमगणार नाही असे म्हणून सरकार पक्ष ‘पार्श्वभूमीचा पुरावा’, म्हणजे आरोपात नसलेली पण घटनेचा संदर्भ उलगडणारी माहिती, पुढे करतो, आणि तिच्यात आरोपीचे पूर्वीचे व्यवहारही येऊ शकतात.

याविषयीचे मूळ सूत्र विषप्रयोगाच्या खटल्यातून आले. रोलँड मॉलिनो याची दोषसिद्धी 1901 साली ‘कोर्ट ऑफ अपील्स’ने, म्हणजे त्या राज्यातील सर्वोच्च न्यायालयाने, रद्द केली, कारण आरोपात नसलेल्या दुसऱ्या एका मृत्यूचा पुरावा ज्यूरीपुढे आला होता. (‘सुप्रीम कोर्ट’ हे भारदस्त नाव तेथे खटले चालवणाऱ्या न्यायालयाला आहे.) हेतू, उद्देश किंवा गुन्हेगाराची ओळख अशा विशिष्ट मुद्द्यासाठी इतर गुन्ह्यांचा पुरावा चालतो, आरोपीची प्रवृत्तीच तशी आहे हे दाखवण्यासाठी चालत नाही.

न्यायदर्शनाच्या परिभाषेत सांगायचे तर ‘याने पूर्वी विकले, म्हणून आजही विकले’ या अनुमानाला व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचे अपवादरहित साहचर्य, लाभत नाही, कारण पूर्वी विकणारा आज त्या कोपऱ्यावर नुसताच उभा असू शकतो. मात्र एवढ्याने प्रश्न मिटत नाही, कारण न्यायालय अपवादरहित साहचर्य मागत नाही, संभाव्यतेवरही ते विचार करते, आणि त्या मापाने भूतकाळ अगदीच निरर्थक ठरत नाही. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी 1948 च्या मिशेलसन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातर्फे हीच अडचण ओळखली: असा पुरावा गैरलागू म्हणून नव्हे, तर ज्यूरीच्या मनावर त्याचा भार प्रमाणाबाहेर पडतो म्हणून दूर ठेवायचा असतो.

पार्श्वभूमीचे खरे आकर्षण तर्काहून कथनाचे आहे. गोष्ट पूर्ण झाली की ती खरीही वाटू लागते, आणि येथेच हा पुरावा सर्वांत धोकादायक ठरतो. अमली पदार्थांच्याच एका प्रकरणात कोर्ट ऑफ अपील्सने 2004 साली, आरोपीची मोटार चोरीची असल्याचा पुरावा केवळ कथन पुरे करण्यासाठी येऊ दिल्याबद्दल दोषसिद्धी रद्द केली, हे म्हणूनच योग्य होते. ज्यूरीचे कुतूहल न्यायाधीशांच्या एखाद्या तटस्थ सूचनेनेही शमले असते.

तथापि चूक सिद्ध झाली म्हणजे अपील यशस्वी होतेच असे नाही. मुळात खटल्याच्या वेळीच हरकत नोंदवलेली असावी लागते. शिवाय 1975 च्या क्रिमिन्स निर्णयानुसार, राज्यघटनेच्या हक्काला न भिडणारी चूक असल्यास, उरलेला पुरावा प्रचंड असेल आणि ती चूक नसती तर आरोपी सुटण्याची लक्षणीय शक्यता नसेल, तर शिक्षा कायम राहते. म्हणजे वर्ज्य पुरावा बाजूला सारून उरलेल्याचे वजन करण्याचे काम न्यायाधीशांवर येते. पण जो भूतकाळ एकदा कानी पडल्यावर ज्यूरीला विसरता येत नाही असे मानले, तो नोंदीत वाचूनही न्यायाधीशांना मनाआड करता येतो, या गृहीतकाला आधार कोणता, याचे उत्तर त्या नियमात मिळत नाही.