वराच्या बाजूचा माणूस

मराठी लग्नात वराच्या मित्राला काम भरपूर असतं, पण नाव नसतं. करवलीला नाव आहे, तिच्या हातातल्या कऱ्ह्याला नाव आहे, पाठीशी उभ्या राहणाऱ्या मामाला मान आहे. मित्र पाहुण्यांना स्टेशनवरून आणतो, आचाऱ्याशी हुज्जत घालतो, वरातीत नाचतो आणि शेवटच्या पंगतीला जेवतो. शेजारच्या भाषांत थोडी सोय आहे. बंगालीत नितबर आहे, हिंदी प्रदेशात शहबाला आहे. पण ही जागा बहुधा घरातल्या लहान मुलाकडे जाते. गोव्या-मंगळूरच्या कोकणी कॅथलिकांत वरासोबत धेडो उभा राहतो. इंग्रजी कादंबरीतला ‘बेस्ट मॅन’ मराठीत आणताना मी दर वेळी अडतो. ‘वराचा मित्र’ लिहिलं तर तो मांडवातला कुणीही होतो. ‘करवला’ लिहिलं तर वाचकाला फेटा सावरणारा पोरगा दिसतो.

या अडचणीखाली एक नैतिक प्रश्न आहे. लग्नात जो वराच्या शेजारी उभा राहिला, तो लग्नानंतर काय देणं लागतो? मैत्री टिकावी, हे सगळेच म्हणतात. पण ती टिकते म्हणजे नेमकं काय टिकतं?

जुन्या ग्रंथांत याची वेगवेगळी उत्तरं सापडतात. इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी विधिग्रंथात वराच्या सोबत्याने लग्नात दिलेल्या भेटीचा नियम आहे. ती त्याच्या लग्नात फेडायची असते आणि फेडली नाही तर न्यायसभेकडून वसूल करता येते. आपल्याकडच्या आहेराच्या वह्या आठवा. कुणी किती घातले हे पाहून त्यांच्या घरच्या कार्याचं पाकीट ठरतं. ही नाती चिवट असतात, पण त्यांचा हिशेब पुरा होऊ शकतो. योहानाच्या शुभवर्तमानात वेगळं चित्र आहे. बाप्तिस्मा देणारा योहान स्वतःला वराचा मित्र म्हणवतो. वराचा आवाज ऐकूनच तो आनंदी आहे, आणि यापुढे आपण कमी होत जायचं हे त्याने ओळखलं आहे. एक मित्र फेड करतो, दुसरा बाजूला होतो. आपल्यातले बहुतेक मित्र या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात: वाढदिवसाला फोन, आणि भेटलं की कॉलेजचे तेच चार किस्से.

संस्कृतातली गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. सात पावलं बरोबर चालल्याने जे जुळतं ते ‘साप्तपदीन’, आणि हा शब्द मैत्रीसाठी आहे. पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र केलं. विवाहातल्या सप्तपदीचं सातवं पाऊलही सख्याचंच. म्हणजे त्या पावलावर वराला आणखी एक मित्र मिळतो, आणि तो मित्र म्हणजे त्याची बायको. मग मागे उभे असलेले जुने मित्र कोणाचे? एकाचेच राहिले, की दोघांचे झाले?

1954च्या विशेष विवाह कायद्याने हा प्रश्न फार साधेपणाने सोडवला आहे. वर, वधू आणि तीन साक्षीदार विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या करतात. हे तिघे कुणाच्या बाजूचे, हे कायदा विचारत नाही.

अशी एक सही मी माझ्या मित्रासाठी केली आहे. सहीच्या आदल्या रात्री आम्ही सगळे त्याच्या खोलीवर जेवायला होतो. तिचं संशोधन चालू होतं. पुढे तिला दुसऱ्या गावी नोकरी मिळाली तर आपण तिच्याबरोबर जायचं, असं तो स्वतःहून म्हणाला होता. नऊ वर्षांनी ती नोकरी मिळाली, तेव्हा असं काही ठरलंच नव्हतं असं तो म्हणू लागला. त्याची कारणं खोटी नव्हती. वडील थकले होते, घराचे हप्ते चालू होते. तिने मला फोन केला. “तुम्ही होतात तिथे. काय ठरलं होतं?” मी जे ऐकलं होतं ते सांगितलं. त्याच संध्याकाळी त्यालाही फोन करून, तिला काय सांगितलं ते सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “तू माझा मित्र आहेस ना?”

दोन वर्षं तो बोलला नाही. आता बोलतो. ती त्या गावी आहे, तो महिन्यातून दोनदा जातो. त्यांचं लग्न टिकलं की कसं, हे ठरवणं माझ्याकडे नाही. साक्षीदाराने संसार राखायचा नसतो. काही संसार मोडतात ते बरंच होतं, आणि तेव्हाही साक्षीदाराने खरंच सांगायचं असतं.

अ‍ॅरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’त मैत्रीला दोन प्रकरणं दिली आहेत. मित्र बदलला तर त्याला सोडावं का, हा प्रश्न तो नवव्या प्रकरणात घेतो. सुधारण्याजोगा असेल तर मदत करावी, म्हणतो. आणि मित्राची मालमत्ता सावरण्यापेक्षा त्याचं शील सावरणं हे मैत्रीला अधिक शोभतं. माझा मित्र काही बिघडला नव्हता. थकला होता, आणि थकलेल्या माणसाला स्वतःचे शब्द विसरणं सोयीचं जातं. अशा वेळी ‘हो रे, असं काही ठरलं नव्हतं’ म्हणणारा मित्र त्याला त्या रात्रीपुरता दिलासा देतो. पण खोलीवरचा तो पंचविशीतला मुलगा, जो कुणी न मागता एवढं मोठं बोलून गेला, त्याच्या बाजूने मग कुणीच उरत नाही.

मित्र किती वेळा भेटतात यावरून मी हल्ली मैत्री मोजत नाही. आपण कधी काय बोललो होतो हे ज्याच्यासमोर नाकारता येत नाही, असा एखादा माणूस आपल्याला उरला आहे का, एवढं पाहतो. असा माणूस जवळ असणं सुखाचं नसतं. तरी सहीसाठी कुणाला बोलवायचं हे ठरवणाऱ्या प्रत्येक नवऱ्यामुलाला मी सांगेन, तिघांत एक तरी असा असू दे. आणि बायकोकडे त्याचा नंबर असू दे.