रतामाखालची भाकर

डोळे उघडतात, पण उठावंसं वाटत नाही, असे काही दिवस येतात. दूधवाला बेल वाजवून गेलेला असतो आणि आपण छताकडे बघत पडलेलो असतो. अशा वेळी कुणी ‘विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल’ म्हटलं की राग येतो. मला तरी येतो.

त्या दिवशी मी बायबलमधला एलीया काढतो. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांपुढे एकटा उभा राहिलेला हा माणूस. पण राणी ईजबेलचा एक निरोप येतो आणि तो जीव घेऊन पळत सुटतो. चाकराला बैर-शेब्याला ठेवतो, दिवसभर रानात चालतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. त्या झुडपाची सावली ती केवढी!

देवदूत येतो. उपदेश नाही, कानउघाडणी नाही. ऊठ, खा, एवढंच. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो आणि चक्क पुन्हा झोपतो! देवदूत त्याला झोपू देतो. मग परत उठवतो, परत खायला लावतो, कारण पुढची वाट लांबची आहे. चाळीस दिवसांची, होरेब डोंगरापर्यंत.

तिथं वारा होतो, भूकंप होतो, अग्नी होतो, शेवटी एक मंद वाणी. त्याआधी आणि त्यानंतर देव एकच प्रश्न विचारतो, तू इथं काय करतोस? दोन्ही वेळा एलीयाचं रडगाणं तेच, शब्दही तेच: मी एकटाच उरलो. साक्षात देव भेटला तरी मन लगेच सावरत नाही, हे बायबल लपवत नाही. देवही वाद घालत बसत नाही. परत जा म्हणतो, कामं सांगतो आणि ओघात कळवतो की तुझ्यासारखे अजून ७००० आहेत.

असं कामाकडे परतणं म्हणजे काय, ते पंडिता रमाबाईंकडे बघून कळतं. त्यांची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली. केडगावला मुक्ति मिशनच्या छापखान्यात तेव्हा रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालू होतं. रमाबाईंनी ते सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर त्या त्यातच होत्या.

आणि एलीया? तो होरेबहून निघाला. वाटेत एका शेतात बैलांच्या बारा जोड्यांनी नांगरट चालली होती. बाराव्या जोडीमागं अलीशा होता, त्याच्यानंतरचा संदेष्टा.