चित्रगुप्ताचे दप्तर आणि फास्टर फेणे

भाईंदर पूर्वेस, खाडीकडे तोंड असलेल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीत बसून, नाताळच्या सुट्टीत नातीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून दाखवीत असता तिने जो प्रश्न केला, त्याचे उत्तर, न्यायदर्शनाची आयुष्यभर उठाठेव करूनही, मला तत्काळ देता आले नाही. "आजोबा, देवाला सगळं दिसतं ना? मग चोर शोधायला फाफे कशाला लागतो?"

फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकावयास आलेला, सायकलवरून भरधाव सुटणारा आणि डोक्यात काही चमकले की 'टॉक्' असा आवाज काढणारा तो काडीपैलवान बनेश फेणे आमच्या घरात तिसऱ्या पिढीचा सोबती आहे. २०१७ साली चित्रपटात तो मोठा होऊन आला, परंतु नातीने त्याला तितकीशी मान्यता दिलेली नाही. पगारी गुप्तहेर तो कधीच नव्हता. संकट त्याच्या वाटेत येते आणि त्याला डोळे मिटून पुढे जाणे जमत नाही, एवढीच त्याची सनद.

परंपरेचे उत्तर सोपे होते. चित्रगुप्ताच्या दप्तरी प्रत्येक कर्माची नोंद आहे, आणि आज ना उद्या, या जन्मी नाही तर पुढल्या जन्मी, फैसला व्हावयाचाच. पण या व्यवस्थेत फिर्यादीला नक्कल मिळण्याची सोय नाही. ज्याचे लुबाडले गेले त्याला गुन्हेगाराचे नाव कळत नाही, आणि ज्याला शिक्षा होते त्याला ती कोणत्या अपराधाची हे स्मरत नाही. वेदान्त्यांचा साक्षी तर सर्व काही पाहतो, परंतु जबानी देण्यास कधी उभा राहत नाही. मुलाला शिक्षेचे फारसे कौतुक नसते. झाकलेले उघडे व्हावे, आणि तेही झोपण्यापूर्वी, एवढाच त्याचा हट्ट असतो, आणि मला तो हट्ट धर्माला सोडून आहे असे वाटत नाही.

न्यायदर्शनात गौतमाने सोळा पदार्थ सांगितले, त्यांत संशय तिसरा आणि निर्णय नववा. मधल्या पाच पायऱ्या, ज्यांत दृष्टान्त येतो, तर्क येतो, त्या न गाळता जो चढतो तो शोधक. आपण सामान्यजन तिसरीवरून थेट नववीवर उडी घेतो. त्या सकाळी मिठागरांवर पांढरे लोट उठलेले पाहून नात ओरडली, "आजोबा, आग!" डोंगरावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करण्याचे उदाहरण नैयायिकांनी घासून गुळगुळीत केले आहे, पण धुके धूर समजून फसणाऱ्याचेही उदाहरण तेच देतात, ते मात्र आपण सोयीने विसरतो.

मी विसरलो होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या जिन्याखालची सायकल नाहीशी झाली, आणि पहारेकऱ्याचा मुलगा आदल्या संध्याकाळी तिची घंटी वाजवीत होता एवढ्या पुराव्यावर, सोसायटीच्या बैठकीत पंचनामा उरकल्याच्या थाटात, मी त्याचे नाव घेतले. मुलगा काही बोलला नाही. बापाच्या लेंग्याची नाडी बोटाला गुंडाळीत उभा राहिला. आठव्या दिवशी सायकल दुरुस्तीच्या दुकानात सापडली; माझ्याच मुलाने ती पंक्चर काढण्यास टाकली होती आणि सांगावयाचे राहून गेले होते. तोवर ते कुटुंब नोकरी सोडून गेले होते. चित्रगुप्ताकडे नोंद झालीच असेल, असे म्हणून मी त्या वेळी स्वतःची समजूत घातली.

हे सर्व नातीला सांगितले, तेव्हा तिने पुस्तकात बोट ठेवून ते मिटले.

"मग तुम्ही त्याला शोधलंत का?"

धुके विरळ होऊन खाडीवरचा रेल्वेपूल दिसू लागला होता. ते लोक नायगावला एका बांधकामावर राहावयास गेल्याचे मला त्याच आठवड्यात कळले होते; नायगाव येथून पुढलेच स्थानक आहे.