कोणाला काय ठाऊक असावे

कार्ल्सरूहे हे शहर 1715 साली एका राजाच्या नजरेतून आखले गेले. बाडेन-दुर्लाखचा मार्कग्राफ कार्ल विल्हेल्म याने हार्टच्या जंगलात एक मनोरा उभारायचे ठरवले आणि तो मध्यबिंदू धरून चहूबाजूंना 32 रस्ते काढले. त्यांतले 9 दक्षिणेला वस्तीत उतरले, उरलेले रानात शिरले. मनोऱ्यावर उभे राहणाऱ्याला प्रत्येक रस्ता दूरवर दिसावा, रस्त्यावरच्या माणसाला मात्र मनोऱ्याची भिंतच दिसावी, अशी ही रचना. राज्यसंस्थेचे इतके स्पष्ट चित्र दुसऱ्या कुठल्या शहराच्या नकाशात मी तरी पाहिलेले नाही.

मनोऱ्यापाशी उभ्या राहिलेल्या राजवाड्याला लागूनच, जुन्या दरबारी नाट्यगृहाच्या जागेवर, आज जर्मनीचे घटना न्यायालय आहे. 1951 पासून ते याच गावात आहे. राजधानी बर्लिनला गेली तरी ते हलले नाही. पाउल बाउमगार्टेन या वास्तुविशारदाने 1965 ते 1969 या काळात बांधलेल्या या इमारतीत ना घुमट आहे, ना छाती दडपून टाकणाऱ्या पायऱ्या. सपाट छपरांचे चौकोनी मंडप, त्यांना जोडणारा लांब मार्ग आणि जिथे तिथे काच. न्यायाचा व्यवहार बंद दाराआड गेला की काय होते, हे त्या देशाने 12 वर्षांच्या नाझी राजवटीत भोगले होते. त्या अनुभवानंतर काचेची निवड मला मनापासून पटते.

पण काचेतून न्यायाधीश दिसतात, फाइल दिसत नाही. फाइल पाहायला कायदा लागतो, आणि जर्मनीत तो उशिरा आला. स्वीडनने हा हक्क 1766 सालीच दिला होता. जर्मन संघराज्याचा माहिती-स्वातंत्र्य कायदा लागू झाला 1 जानेवारी 2006 रोजी. आपला माहितीचा अधिकार त्याच्याही पावणेतीन महिने आधी, 12 ऑक्टोबर 2005 रोजी अमलात आला, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा तर त्याआधीपासून होता. जर्मनीत मोठ्या कामासाठी 500 युरोपर्यंत शुल्क लागू शकते. आपल्याकडे 10 रुपयांच्या अर्जावर 30 दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे, आणि कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत. कायदा म्हणून पाहिले तर आपलाच जास्त धारदार होता. ‘होता’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरतो आहे.

कार्ल्सरूहेचा या विषयातला सर्वांत मोठा निकाल माहितीच्या अधिकाराचा नाहीच. तो आहे जनगणनेचा. 1983 च्या वसंतात पश्चिम जर्मनीत शिरगणती व्हायची होती. लोक बिथरले. न्यायालयाने एप्रिलमध्ये ती थांबवली आणि 15 डिसेंबर 1983 रोजी निकाल दिला: आपल्याविषयीची माहिती कोणाला, किती आणि कशासाठी द्यायची, हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. हा निकाल जगभर खाजगीपणाचा निकाल म्हणून ओळखला जातो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यातल्या युक्तिवादाची सुरुवात कुठून होते ते पाहण्यासारखे आहे. आपल्याविषयी कोणाला काय ठाऊक आहे हेच ज्या नागरिकाला कळत नाही, तो हळूहळू सभेला जाणे टाळतो, संघटनेत नाव घालायला कचरतो, आणि त्यात नुकसान एकट्या त्याचे होत नाही, लोकशाहीचेही होते, असे न्यायालय म्हणते. म्हणजे खाजगीपणाची इमारत उभी आहे ती नागरिकाच्या जाणण्यावर. राज्याकडे काय आहे हे मला कळले पाहिजे, तरच मी मोकळा. हे दोन हक्क एकमेकांचे वैरी नाहीत, एकाच आईची लेकरे आहेत.

20 जून 2017 रोजी त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही मांडली. जुनी सरकारी कागदपत्रे खाजगी संस्थांच्या ताब्यात गेलेली, आणि ती पाहायला मिळावीत म्हणून एक पत्रकार तक्रार घेऊन आल्या होत्या. प्रक्रियेच्या कारणावरून त्यांची तक्रार टिकली नाही, पण तत्त्व नोंदवले गेले: कायदेमंडळाने एकदा सरकारी माहिती लोकांना खुली केली की ती पाहण्याच्या हक्कामागे जर्मन राज्यघटनेचे अभिव्यक्ती-स्वातंत्र्याचे पाचवे कलम उभे राहते. पुढे दोनच महिन्यांनी, 24 ऑगस्टला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मला त्या दिवशी आनंदच झाला होता, आणि आजही तो निकाल मी आपला मानतो.

दुखते ते त्यानंतरचे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले कलम 8(1)(जे) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती उघड केल्याने खाजगीपणावर अकारण आक्रमण होते हे दिसावे लागे, आणि जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नसे. आता त्या कलमात एवढेच उरले आहे की माहिती वैयक्तिक आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये हा बदल लागूही झाला.

याचा अर्थ समजून घ्यायला रोजगार हमीचे एक जुने कागदी मस्टर समोर धरावे. मजुराचे नाव, जॉबकार्डाचा क्रमांक, दिवसांचे रकाने, हजेरीच्या खुणा, शेवटी सही किंवा अंगठा. यातला प्रत्येक रकाना वैयक्तिक आहे, आणि सार्वजनिक पैसा नेमका याच रकान्यांतून वाहतो. 1994 च्या डिसेंबरात राजस्थानातल्या कोट किराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई भरवली, तेव्हापासून चळवळीची रीत हीच राहिली: सरकारी कागद गावासमोर मोठ्याने वाचायचा. मस्टर वाचले की मेलेले लोक खडी फोडताना सापडत, परगावी गेलेल्यांची मजुरी उचललेली निघे. नावे झाकली असती तर हाती काय लागले असते? रकमांची बेरीज, आणि ती तर कागदावर नेहमीच बरोबर असते. मुंबईत कुलाब्याच्या आदर्श सोसायटीच्या घोटाळ्यातही सगळा प्रश्न सभासद कोण, हाच होता.

गुप्ततेला मी सरसकट विरोध करत नाही. खुद्द कार्ल्सरूहेत न्यायाधीशांची खलबते, निकालांचे कच्चे मसुदे 60 वर्षे बंद राहतात; बाकीच्या फायली निम्म्या काळात उघडता येतात. साठ वर्षे मला फार वाटतात, पण मुदत लिहिलेली आहे, ती कायद्यात आहे आणि कुलूप कशाला लावले हे वाचता येते. जर्मनीतही माहितीच्या हक्काला धक्के बसतातच. 2025 च्या वसंतात आघाडी सरकारच्या वाटाघाटींत माहिती-स्वातंत्र्य कायदाच रद्द करण्याचा प्रस्ताव पुढे आला; गदारोळ झाला आणि तो मागे पडला.

आपल्याकडे कलम 8(2) अजून शाबूत आहे. संरक्षित हिताला होणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते सांगते. तेव्हा रोजगार हमीच्या मस्टरची मागणी ‘वैयक्तिक’ म्हणून फेटाळली गेली, तर पहिल्या अपिलात हे कलम नाव घेऊन लिहावे, जनहित कोणते ते स्वतःच्या शब्दांत मांडावे, आणि ते का डावलले याची कारणे लेखी मागावीत.