देव तुमच्या अर्पणाची तुलना करत नाही
देवाच्या सेवेत आपण फारच कमी करतो, असं तुम्हाला वाटतं का? आजारपण किंवा घरच्या जबाबदाऱ्या यांमुळे तुम्ही निराश होता का? तर मग, इस्राएली लोकांना दिलेल्या एका नियमाचा विचार करा.

काही पापांसाठी त्यांना कळपातली मेंढी किंवा बकरी अर्पण करावी लागायची. ज्याची तेवढी ऐपत नसेल, तो दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणू शकत होता. तेही जमत नसेल, तर एफाचा दहावा भाग, म्हणजे सुमारे २ लिटर मापाचं सपीठ पुरेसं होतं. याजक त्यातलं मूठभर वेदीवर जाळायचा आणि त्या गरिबालाही तीच क्षमा मिळायची. (लेवीय ५:६-१३)

पण याचा अर्थ देवाला काहीही चालायचं असा नाही. गरिबाचं अर्पणसुद्धा सपिठाचं, म्हणजे चांगल्या पिठाचं होतं. उलट, मलाखीच्या काळात कळपात चांगली जनावरं असूनही काही जण आंधळी, लंगडी जनावरं आणायचे. ते देवाला मुळीच आवडलं नाही.—मलाखी १:८, १४.

येशूने एकदाच कायमचं बलिदान दिल्यामुळे आज आपण प्राणी अर्पण करत नाही. पण देवाची स्तुती करणं आणि इतरांचं भलं करणं, हीसुद्धा अर्पणंच आहेत. (इब्री १३:१५, १६) म्हणून दुसऱ्याची बकरी पाहून आपल्या पिठाची लाज वाटू देऊ नका. पण स्वतःला हेही विचारा: ‘मी देवाला माझ्या दिवसातला फक्त उरलासुरला वेळ तर देत नाही ना?’ आज तुम्हाला जे सर्वांत चांगलं देता येईल, ते मनापासून द्या. देव ते आनंदाने स्वीकारेल.