उरलेली पिकं

आजचे वाचन : लेवीय 25:13-17



मागच्या आठवड्यात मी माझी जुनी फ्रेटलेस बेस गिटार विकली. सतारीला पडदे असतात, सरोदला नसतात, तसंच हे. साध्या बेसच्या मानेवर धातूच्या पट्ट्या असतात. बोट थोडं मागे पडलं तरी सूर जागेवर येतो. फ्रेटलेसला तो आधार नाही. बोट जरा सरकलं की बेसूर. 11 वर्षं मी ती उपासनेत वाजवली. आता बोटं आखडतात, आणि मुलीची फी भरायची होती.

घ्यायला एक तरुण आला, चार तास एसटीने. त्याच्या मंडळीत वाजवणार होता. फिंगरबोर्डवरचे तारांचे ओरखडे मी स्वतः दाखवले. पण मानेच्या आतला ट्रस रॉड जाम झालाय, हे नाही सांगितलं. थंडीत ते कळत नाही. पावसाळ्यात दमट हवेने मान वाकते, तारा वर उचलल्या जातात, आणि रॉडच फिरत नसेल तर ती सरळ कशी करणार? त्याने विचारलं नाही, मी बोललो नाही. 26 हजार मोजून घेतले.

रात्री वाचनात नेमका हाच भाग आला. योबेल वर्षी, म्हणजे पन्नासाव्या वर्षी, जमीन मूळ घराण्याकडे परत जायची. म्हणून विकताना दाम ठरायचा तो तोवर उरलेल्या पिकांचा. वर्षं जास्त तर दाम जास्त, वर्षं थोडी तर दाम थोडा. त्यातच देवाची ताकीद आहे : एकमेकांना नाडू नका, माझं भय बाळगा.

मी पुस्तक मिटलं. मीसुद्धा नुसतं लाकूड विकलं नव्हतं, त्याची वाजायची उरलेली वर्षं विकली होती. ती किती उरलीत हे मला ठाऊक होतं, त्या पोराला नव्हतं.

सकाळी फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "काका, मग काल का नाही सांगितलंत?"

"पैसे कमी येतील म्हणून," मी म्हणालो. दुसरं उत्तरच नव्हतं.

गिटार परत आण, नाहीतर 9 हजार परत घे, असं सांगितलं. त्याने गिटार ठेवली. पैसे मी त्याच दिवशी पाठवले. फीचा एक हप्ता अजून बाकी आहे.

प्रियांनो, ओरखडे दाखवणं सोपं असतं, ते समोरच्याला दिसतातच. आतलं सांगायला मात्र पट्टीचा आधार नसतो. तिथे फक्त देवाचं भय आपलं बोट जागेवर ठेवतं. आज तुम्ही काय विकताय? गाडी, म्हैस, घर? त्यातलं न दिसणारं काय आहे?

प्रार्थना : हे प्रभू, कोणी विचारण्याआधी खरं सांगायचं बळ मला दे. आणि उशीर झालाच, तर फोन करायची लाज वाटू देऊ नकोस. आमेन.